झांस्करची वाट आणि हातातले पुस्तक

हिमालयाच्या अंतर्भागात वाटाड्या आणि खेचरांचा ताफा सोबत न घेता, शिधा व तंबू स्वतःच्या पाठीवर वाहून हिंडू इच्छिणाऱ्या प्रवाशाला मार्गदर्शक पुस्तक हा फार मोठा आधार असतो. मात्र ती कोणा एका चालणाऱ्याने कोणा एका ऋतूत करून ठेवलेली टिपणे होत, ही जाणीव ठेवूनच त्याचे वाचन झाले पाहिजे. लाहौलमधील दारचाहून शिंगो ला ही सुमारे ५,१०० मीटर उंचीची खिंड ओलांडून झांस्करातील पदुमला पोहोचणारी पायवाट जुन्या पुस्तकांत मोठ्या आस्थेने वर्णिलेली आहे. आज त्याच खिंडीवरून मोटाररस्ता गेला आहे. म्हणून आवृत्तीचे साल प्रथम पाहावे.

पुस्तकातील मजला बहुधा तासांत सांगितलेल्या असतात आणि त्यांत विश्रांतीचा हिशेब सहसा धरलेला नसतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तीन मैलांस एक तास आणि दर २,००० फूट चढास आणखी एक तास असा ठोकताळा घालून दिला. परंतु झांस्करच्या विरळ हवेत, पाठीवर ओझे असता, तो अपुरा पडतो. ३,५०० मीटरांवरील लेहमध्ये दोन-तीन दिवस थांबावे आणि पुढे मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय दंडक कोणत्याही छापील वेळापत्रकाहून श्रेष्ठ होय. डोकेदुखी व मळमळ अंगावर काढून वर चढत राहणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे.

नद्यांविषयीचा मजकूर तर दोनदा वाचावा. नदीचा डावा तीर म्हणजे प्रवाहाच्या दिशेस तोंड केले असता डावीकडे येणारा तीर. प्रवाहाच्या उलट चालणारा प्रवासी येथे हमखास गोंधळतो आणि पुढचा पूल कित्येक तासांच्या अंतरावर असताना भलत्याच काठाला लागतो. शिवाय ज्या ओढ्यात सकाळी जेमतेम घोटाभर पाणी असते, तोच ओढा दुपारी उन्हाने बर्फ वितळू लागताच मांडीपर्यंत चढतो आणि त्याच्या तळाचे धोंडे गडगडू लागतात. पुस्तकात नुसते ‘सुगम उतार’ असे लिहिले असले, तरी लेखक तेथे किती वाजता पोहोचला होता, हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही.

उरलेली खातरजमा गावकऱ्यांकडे करावी. मात्र ‘ही वाट पदुमलाच जाते ना?’ असे विचारू नये, कारण पाहुण्याला नाही म्हणणे अनेकांच्या जिवावर येते. ‘पदुमची वाट कोणती?’ असे विचारून ते हात कोणत्या दिशेला करतात, ते पाहावे.