काडी, सांधा आणि आंबोलीचा वारा

सकाळी साडेसहा

जुलैत सावंतवाडीच्या बाजारात छत्रीवाल्याने नऊ वाजता दुकान उघडून चालत नाही. आंबोलीला शिकवायला जाणारे गुरुजी, कुडाळला नोकरीला जाणारी माणसं यांच्या छत्र्या आदल्या संध्याकाळी मोडलेल्या असतात आणि त्यांना त्या गाडी सुटायच्या आत हव्या असतात. म्हणून माझ्या दुकानाच्या फळ्या लवकर निघतात.

पहिला अर्धा तास गिऱ्हाइकांचा नसतो, डब्यांचा असतो. दुरुस्तीत काढलेले तुटके भाग मी फेकत नाही. मधल्या सांध्यात मोडलेल्या काड्या एका डब्यात, टोकं दुसऱ्यात, गंजून तुटलेल्या तारा तिसऱ्यात, खटके आणि स्प्रिंगा चौथ्यात. कालचे तुकडे सकाळच्या उजेडात भिंगाखाली धरायचे आणि मोडलेली कड बघायची. झटक्याने मोडली असेल तर सगळी कड ताजी, चमकणारी दिसते. आधीपासून चीर असेल तर कडेचा एक भाग गंजून तांबूस झालेला असतो. वाऱ्याने मोडली असं गिऱ्हाईक सांगतं ते खोटं नसतं, पण वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

कायम भरलेला असतो तो मधल्या सांध्याचा डबा. छत्रीची काडी वरच्या टोकाला दांड्याच्या डोक्यावरच्या खाचेच्या चकतीत अडकलेली असते. मध्येच कुठेतरी तिला खालून आधाराची काडी येऊन धरते आणि तिथून पुढचा भाग मोकळा, अधांतरी असतो. वारा आत शिरला की या मोकळ्या भागाला वर उचलतो आणि त्या वाकण्याचा सगळ्यात जास्त जोर नेमका आधाराच्या सांध्यावर येतो. आता गंमत बघा. जिथे काडी सगळ्यात भक्कम हवी, तिथेच कारखानदार रिव्हेट घालायला भोक पाडतो. भोकाच्या कडेने चीर सुरू होते. स्वस्तातल्या छत्रीत हे भोक ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे त्याची कड फाटकी असते आणि चिरेला सुरुवात आयतीच मिळते.

सात

आंबोलीचे गुरुजी आले. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पण पावसाने छत्री मोडत नाही. ती मोडते घाटातून वर चढणाऱ्या वाऱ्याने. हा वारा दरीतून येतो म्हणजे खालून येतो, आणि छत्री बनवणाऱ्याने पाऊस वरून येतो एवढंच गृहीत धरलेलं असतं.

“परत तीच काडी काय हो, गुरुजी?”

“तीच नाही, तिची शेजारीण. तुम्ही सांधलेली अजून ठणठणीत आहे.”

हे वाक्य मला महिनाभर पुरतं. मोडलेल्या काडीला मी पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून पकडीने घट्ट चिमटतो. अशी काडी बहुधा परत त्या जागी मोडत नाही, मग शेजारची मोडते. म्हणजे दुरुस्तीवाल्याने लावलेलं ठिगळ मूळ रचनेपेक्षा मजबूत निघालं. मग ही पट्टी पहिल्यापासूनच का नसावी? आठ काड्यांना आठ पट्ट्या, पत्रा असा कितीसा लागणार?

साडेआठ

भाचा आला. मालवणच्या पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकतो, सुटीच्या दिवशी माझ्याकडे. त्याच्या मोबाइलमध्ये जगातल्या तऱ्हेतऱ्हेच्या छत्र्या आहेत. नेदरलंड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी केलेली, मागच्या बाजूला लांब शेपूट असलेली छत्री त्याला फार आवडते. ती वाऱ्यात स्वतःहून योग्य दिशेला वळते. कल्पना हुशारीची आहे, नाही म्हणत नाही.

“मामा, आपण आकारच बदलला पाहिजे.”

“आकार मग बदल. आधी भोक बदल.”

त्याला कागदावर काढून दाखवायला सांगितलं. त्याने दोन चित्रं काढली. एकात काडीला आरपार भोक आणि रिव्हेट. दुसऱ्यात काडीला भोकच नाही. तिच्याभोवती दुमडलेल्या पत्र्याची एक कडी, कडीला खाली कान, रिव्हेट त्या कानातून. काडी अखंड राहते. हे त्याने शोधून काढलं असं नाही, चांगल्या जुन्या सांगाड्यांत असे पट्टीचे सांधे असत. पण पोरगं स्वतःच्या डोक्याने तिथवर पोहोचलं, म्हणून मी गप्प बसलो.

दहा

पावसाची जोरदार सर. गर्दी. वेंगुर्ल्याहून मासळी घेऊन आलेल्या आजींनी टोपलीवरची छत्री समोर ठेवली.

“काय झालां, आजी?”

“वाऱ्यान उलटी झाली. माका नवी नको, हीच बरी करून दी.”

काड्या धड होत्या. डोक्यावरच्या चकतीत सगळ्या काड्यांच्या भोकांतून ओवून आवळलेली तार मात्र गंजून तुटलेली. ही एक तार गेली की आठही काड्या डोक्याकडून मोकळ्या सुटतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी तारेचं हे व्हायचंच, जस्ताचा थर पातळ असेल तर आणखी लवकर. त्यात भिजलेली छत्री मिटून मूठ वर ठेवून कोपऱ्यात उभी करायची सवय. सगळं पाणी ओघळून त्या चकतीत साचतं. मी पितळी तार घातली. ती वाकवायला सोपी, गंजत नाही. तारेवरून कापड घासू नये म्हणून आत कापडाची छोटी चकती शिवली. आजींनी पैसे दिले, वर दोन बांगडे. हा व्यवहार कुठल्याच पावतीत बसत नाही.

साडेअकरा

आजचा दिवस ज्याच्यामुळे लक्षात राहील ते गिऱ्हाईक आता आलं. वयस्क गृहस्थ, धोतर-कोट, हातात आजोबांची छत्री. कापडाच्या चिंध्या झालेल्या. “कापड गेलंय, पण सांगाडा बघा.”

कापड उसवून सांगाडा उजेडात नेला. आधाराच्या काडीवर बारीक अक्षरं कोरलेली: एस. फॉक्स अँड कंपनी, आणि पलीकडे पॅरागॉन. भाच्याला हाक मारली. म्हटलं, आपल्या धंद्याचा पणजोबा आलाय, पाया पड.

सॅम्युएल फॉक्स इंग्लंडमधला, १८१५ चा जन्म, धंदा तार ओढण्याचा. शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिजला त्याचा कारखाना. तोपर्यंत युरोपात छत्रीच्या काड्या वेताच्या नाहीतर देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्यांच्या असत. त्या जाड, जड, आणि ओल्या ठेवल्या की नंतर ठिसूळ होत. भरीव पोलादी तार वापरावी तर वजन वाढतं. फॉक्सने १८५२ साली पन्हाळीसारख्या आडव्या छेदाच्या पोलादी काडीचं पेटंट घेतलं. बायकांच्या घेरदार झग्यांसाठी केलेला पोलादाचा माल पडून होता म्हणून ही युक्ती सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्टी अशा छान जुळून आल्या की मला जरा संशयच येतो.

युक्ती मात्र अस्सल. सपाट पोस्टकार्ड एका टोकाला धरलं तर दुसरं टोक मान टाकतं. त्यालाच लांबीच्या दिशेने मुडपून पन्हाळ केली की ते ताठ उभं राहतं. पोलाद तेवढंच, पण आता ते मधल्या रेषेपासून लांब, दोन भिंतींत गेलं आणि वाकायला विरोध करू लागलं. मिटल्यावर आधाराची काडी त्या खाचेत जाऊन बसते, म्हणून छत्री बारीक गुंडाळली जाते. वजन, ताकद, आकार, तिन्ही एका घडीत. आज तुमच्या-आमच्या घरातल्या लांब दांड्याच्या छत्रीची काडी बोटाने चाचपून बघा, बहुधा तीच खाच लागेल.

भाच्याने व्हर्नियर लावून पत्र्याची जाडी मोजली आणि आजच्या स्वस्त काडीशी ताडून पाहिली. आजचा पत्रा निम्म्याहून थोडाच जास्त. खाचेच्या भिंतीही बुटक्या. आकार फॉक्सचा, ऐवज नाही. भिंत जराशी बुटकी केली तरी ताठपणा त्याच्या कितीतरी पट घटतो, हे कारखानदाराला माहीत असतं. छत्री घेणाऱ्याला नसतं.

गृहस्थांनी विचारलं, कापड कुठलं घालू? सुती कापड भिजलं की आवळतं, म्हणून जुन्या छत्र्या पावसात आणखी ताठ होत, पण वजन वाढे आणि वाळायला दिवस जाई. नायलॉन भिजल्यावर किंचित सैल पडतं. पॉलिस्टर जवळपास आहे तसं राहतं. पॉलिस्टरच सांगितलं, काळं. कापडाचे आठ तुकडे सरळ त्रिकोणी कापून भागत नाही. कडा किंचित कमानदार लागतात, आणि त्या कमानीवर पूर्ण ताण ठरतो. कमान चुकली की कितीही भारी सांगाडा फडफडतो. हे काम मी रात्री करणार, घाईत नाही.

एक

जेवण. भात, आमटी, आजींचे बांगडे.

दोन

कॉलेजची मुलगी, हातात तीन घड्यांची छत्री. “काका, बटण दाबलं की उघडते, पण अर्धीच.”

बर्लिनच्या हान्स हाउप्टने १९२८ च्या सुमारास खिशात मावणाऱ्या छत्रीचं पेटंट घेतलं. सोय म्हणून तिला तोड नाही. रोज दप्तरात ओझं वागवणाऱ्याला लांब दांड्याची छत्री घे म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण हिशोब समजून घ्यावा. सरळ छत्रीत प्रत्येक काडीमागे तीन सांधे: डोक्याला, मध्ये, आणि दांड्यावर सरकणाऱ्या नळीला. तीन घड्यांच्या छत्रीत ते दुपटीच्या घरात जातात. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई, आणि ती टोकापर्यंत साठत जाते. दांडाही एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तिथेही खुळखुळ. या मुलीच्या छत्रीत एक बारीक रिव्हेट निसटून काडी आडवी झाली होती. नवं रिव्हेट घातलं. पलीकडची काडी फायबरची, तिच्या टोकाला उभे धागे सुटलेले. फायबर गंजत नाही, वाकून परत सरळ होतं, वाऱ्याला उत्तम. पण त्याला भोक पाडलं की धागे तुटतात आणि काडी उभी चिरत जाते. म्हणून फायबरच्या काडीला टोकाशी टोपण घालूनच सांधा द्यायला हवा. टोपण तकलादू प्लॅस्टिकचं असेल तर फायबरची जाहिरात फुकट. तसं टोपण माझ्याकडे नव्हतं. त्या छत्रीच्या कंपनीची काडी बाजारात सुटी मिळत नाही. दुसऱ्या कंपनीची बसत नाही, भोकांमधलं अंतर दोन मिलिमीटरने वेगळं.

यावर माझा खरा राग आहे. सायकलचा स्पोक कुठल्याही गावात मिळतो. छत्रीची काडी इंचांत विकतात, पण त्या इंचात सांधा कुठे यावा यावर कुणाचं एकमत नाही.

मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सुटे भाग महाग झालेत. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छत्र्यांवरचा आयातकर २० टक्के झाला आणि छत्रीच्या सुट्या भागांवरची करसवलत काढून घेतली गेली. देशी कारखाने उभे राहावेत हा हेतू चांगलाच. पण काडी इथे बनवणार असाल तर एकाच मापाची बनवा, एवढं तरी मागायला हरकत नाही.

साडेचार

चितार आळीत चक्कर. लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडीचं नाव, पण त्याच लेथवर छत्रीची मूठ उत्तम निघते. आजोबांच्या छत्रीसाठी नवी मूठ सांगितली. मूठ जिथे दांड्यात बसते तिथे नुसता डिंक नको, आडवी खीळ हवी. ओल्या हाताने ओढून ओढून डिंक सुटतोच.

साडेपाच

भाच्याची परीक्षा. बाकाच्या कडेला काडी आडवी आवळायची, सांध्याशी टेकू, मोकळ्या टोकाला दोरीने प्लॅस्टिकची बाटली. बाटलीत मापाने पाणी ओतत जायचं आणि टोक किती झुकलं ते मोजपट्टीवर वाचायचं. भोकाची काडी लवकरच सांध्याशी मुडपली. पट्टीची काडी बरंच जास्त पाणी पेलून मोडली, पण मोडली पट्टी संपते तिथेच, अगदी सरळ रेषेत.

भाचा खट्टू झाला. मी नाही. ताठ भाग एकदम संपून लवचिक भाग सुरू झाला की जोर त्या रेषेवर गोळा होतो. त्याला पट्टीची दोन्ही टोकं जिभेसारखी निमुळती कापायला लावली. ताठपणा हळूहळू उतरला पाहिजे. पुढची काडी टोकदार पट्टीची. पाणी ओतून बाटली भरली, काडी कमानीसारखी वाकली, बाटली काढल्यावर परत सरळ. कात्रीचे चार जादा काप, खर्च काहीच नाही.

साडेसात

गुरुजी परतताना डोकावले. त्यांच्या छत्रीच्या उरलेल्या सहा काड्यांना उद्या निमुळत्या पट्ट्या बसवायच्या ठरल्या. आंबोलीचा वारा काय तो निकाल देईल.

तुम्ही या पावसाळ्यात नवी छत्री घेणार असाल तर दुकानात ती उघडा आणि उलटी धरा. कापडाची नक्षी नंतर बघा. मधला सांधा बघा: काडीला नुसतं भोक आहे की भोवती पत्र्याची कडी आहे. टोक धरून हळूच हलवा, किती खुळखुळतं ते बघा. आणि दुकानदाराला विचारा, हिची काडी सुटी मिळेल का? मिळत नसेल तर छत्री परत ठेवा. चार गिऱ्हाइकांनी परत ठेवली की पाचव्याला काडी मिळू लागेल.