किनाऱ्यावरची चूल

वास्कोच्या बायणा किंवा बोगमाळो किनाऱ्यावर गळ टाकावयास जाणाऱ्याने दुपारचे जेवण तेथेच रांधावयाचे ठरविले, तर शिदोरी हलकी पण विचारपूर्वक बांधावी. मिरची, लसूण, हळद, मीठ व माडाच्या सुरेचा शिरका यांचे वाटण घरूनच बरणीत घ्यावे. शिरक्यामुळे ते टिकते. गोव्यात यास रेशाद म्हणतात. पोर्तुगीज भाषेत मूळ शब्दाचा अर्थ ‘भरलेले’ असा आहे. सोबत केळीची पाने, पाव, सुरी, काड्यापेटी व पिण्याचे पाणी हवे. जळणास नारळाच्या करवंट्या उत्तम.

चूल भरतीच्या पाण्याने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेवर, कोरड्या जागी मांडावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, हे ध्यानी ठेवावे.

खरी सावधगिरी माशाविषयी हवी. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे द्रव्य पुष्कळ असते. मासा उन्हात पडून राहिला, की जंतू त्याचे हिस्टामीन बनवितात. ते पोटात गेल्यास तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर पित्त उठते. हे विष शिजवूनही नाहीसे होत नाही, व वासावरून ते कळेलच असे नाही. म्हणून मासा हाती येताच कल्ले व आतडी काढून तो बर्फात ठेवावा; बर्फ नसल्यास लगेच भाजावा.

चिरा पाडून, वाटण भरून, पानात गुंडाळून तो निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा. काट्यालगतचे मांस सहज सुटू लागले, की तो शिजला.

निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे. नुसती वाळू लोटल्यास धग आत राहते, आणि मागून येणाऱ्याचे अनवाणी पाय पोळतात.