टेंभुर्णी परिसर

टेंभुर्णी परिसर : सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णी या गावाभोवतीचा, भीमा नदीच्या काठचा माळरानी प्रदेश. गाव पुणे–सोलापूर महामार्गावर असून उजनी धरण तेथून जवळच आहे. महाराष्ट्राला लांब किनारा लाभला असला, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागाला मोसमी पावसाचा वाटा थोडाच मिळतो व तोही बेभरवशाचा असतो. १८७६–७८ च्या दुष्काळाची मोठी झळ सोलापूर जिल्ह्याला बसली होती.

गावाचे नाव टेंभुर्णी (डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन) या वृक्षावरून पडले असावे. या वृक्षाच्या पानांच्या विड्या वळण्यावर सोलापूर शहरातील हजारो स्त्रियांची उपजीविका चालते. मात्र ती पाने पूर्वेकडील जंगलांतून येतात. येथील उथळ, मुरमाड जमिनीत हिवर, बाभूळ, बोर व तरवड विरळ आढळतात. खरी वनश्री गवतांची : कुसळी, पवन्या, मारवेल इत्यादी. उन्हाळ्यात वाळून गेलेल्या या माळाची सरकारी व लौकिक व्यवहारात ‘पडीक’ अशी गणना झाली आणि तेथेच त्याच्या ऱ्हासाला आरंभ झाला. कारण काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा हे प्राणी मोकळ्या माळावरच वावरतात. लांडगा तर धनगरांच्या मेंढ्यांच्या कळपांमागून फिरतो.

माळढोक हा या माळाचा सर्वांत मानी पक्षी. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा म्हणून तिला सपाट, मोकळी जागा लागते. १९७९ मध्ये नान्नज येथे मुख्य क्षेत्र असलेले माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी. होते व माढा तालुक्याचा भागही त्यात होता. एवढ्या विस्तारात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांत असंतोष वाढला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी. इतके कमी करण्यात आले. संरक्षित गवताळ भागांतही गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. हेतू चांगला असला, तरी माळढोकाच्या दृष्टीने ते अतिक्रमणच ठरले.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. कालव्यांच्या व उपशाच्या पाण्यावर ज्वारीच्या जागी ऊस आला, माळ नांगरले गेले आणि दुष्काळी गावांना स्थैर्य लाभले. जलाशयाच्या उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित व पट्टकदंब उतरतात. काळविटांचे कळप अजूनही पिकांत शिरतात. माळढोक मात्र जिल्ह्यात जवळजवळ नाहीसा झाला असून देशातील उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत.