दारुहळदीचा पिवळा रंग आणि स्नायूंतील साखर

हिमालयातल्या दारुहळदीचे मूळ कापले की आत जो गर्द पिवळा रंग दिसतो, तो बर्बेरिन या अल्कलॉइडचा, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य द्रव्याचा असतो. हे द्रव्य स्नायुपेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचे काम काहीसे मंदावते. त्यामुळे ऊर्जेची चणचण ओळखणारे एएमपीके हे विकर कार्यान्वित होते आणि एरवी पेशीच्या आत साठून असलेली ग्लुट-४ ही ग्लुकोजवाहक प्रथिने पेशीपटलावर येऊन साखर आत घेऊ लागतात. विलक्षण बाब अशी, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या स्नायुपेशींत हे इन्सुलिनशिवायही घडले. व्यायामात आकुंचन पावणारा स्नायूही बराचसा याच वाटेने जातो. मात्र तोंडावाटे घेतलेले बर्बेरिन रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे पेशींवरील निष्कर्ष रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.