एंडोस्कोपीचा पर्यावरणावरचा भार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकदा वापरून टाकायची एंडोस्कोपीची दुर्बीण धुवावी लागत नाही, म्हणून ती पर्यावरणाला सोयीची.

हे पटते, कारण धुण्याचा खटाटोप डोळ्यांसमोर असतो. प्रत्येक रुग्णानंतर दुर्बिणीच्या आतल्या बारीक नळ्या ब्रशने घासायच्या, दुर्बीण जंतुनाशकात बुडवायची, पुन्हा धुऊन वाळवायची. पाणी, वीज, रसायने, हातमोजे, सगळेच त्यात जाते. नवी दुर्बीण मात्र दूरच्या कारखान्यात घडते आणि तिथे खर्ची पडणारी ऊर्जा तपासणीच्या खोलीत कोणाला दिसत नाही. दोन्ही बाजू मोजल्या की चित्र उलटते. फ्रान्समधील एका अभ्यासात जठर तपासण्याच्या एकदाच वापरायच्या दुर्बिणीमागे 10.9 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन निघाले. धुऊन वापरायच्या दुर्बिणीचे दर वापरामागे, धुण्यासकट, 4.7 किलो. पित्तनलिकेच्या उपचारांसाठी लागणाऱ्या ड्युओडेनोस्कोपच्या बाबतीत एका अमेरिकी अभ्यासाने ही तफावत 24 ते 47 पट दाखवली.

धुऊन वापरलेल्या दुर्बिणीतून संसर्ग होण्याची भीती मात्र निराधार नाही. ड्युओडेनोस्कोपच्या टोकाशी एक हलता भाग असतो. त्याच्या खाचेत जंतू राहून गेल्याने अमेरिकेत 2015 च्या सुमारास औषधांना दाद न देणारे संसर्ग पसरले होते. त्यावर टोकाची टोपी दर वेळी बदलता येईल अशी रचना निघाली आणि त्याच अमेरिकी अभ्यासानुसार तिच्यामुळे उत्सर्जनात जवळजवळ भर पडत नाही. संपूर्ण दुर्बीण फेकायची वेळ मोजक्याच, अधिक जोखमीच्या रुग्णांपुरती येते. युरोपीय तज्ज्ञ संघटनांचा 2022 चा सल्लाही हाच आहे.

कचरा कमी केला की काम झाले.

भरलेल्या पिशव्या नजरेत भरतात आणि त्या थोड्याथोडक्या नसतात. अमेरिकेतील दोन रुग्णालयांच्या पाहणीत दर तपासणीमागे सरासरी 2.1 किलो कचरा निघाला. तो कमी व्हायलाच हवा. पण फ्रान्समधील एका केंद्राने 2021 चा पूर्ण हिशेब मांडला, तेव्हा प्रत्येक तपासणीमागच्या 28.4 किलो उत्सर्जनात कचऱ्याचा वाटा 3 टक्के होता. रुग्ण आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा 45 टक्के, उपकरणांचा 32 टक्के. ज्या रुग्णाला जठराची आणि मोठ्या आतड्याची अशा दोन्ही तपासण्या लागणार आहेत, त्याच्या त्या एकाच दिवशी उरकणे, अहवाल फोनवर समजावणे, या साध्या गोष्टींचे मोल इथे कळते.

दवाखान्यातला कचरा जाळावाच लागतो.

भारतात 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे दूषित नळ्या, हातमोजे असे प्लास्टिक लाल पिशवीत जाते आणि निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला दिले जाते. जाळण्यासाठी पिवळी पिशवी आहे. वेष्टने आणि कागद रुग्णाच्या संपर्कात आले नसतील, तर ते साधा कचराच. सगळे पिवळ्या पिशवीत कोंबणे सुरक्षित वाटते, पण त्याने इंधन आणि पैसा दोन्ही जळतात.

पर्यावरणाचा विचार म्हणजे रुग्णाच्या तपासणीत काटछाट.

उत्सर्जन सर्वांत जास्त वाचते ते गरज नसलेली तपासणी टाळल्याने, आणि रुग्णाचा त्रास व खर्चही त्यातच वाचतो. तरुण व्यक्तीला केवळ अपचन असेल, तर जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत सापडू शकतो; पहिली पायरी म्हणून दुर्बिणीची गरज बहुधा नसते. शौचातून रक्त, गिळताना अडथळा, कारण नसताना घटणारे वजन किंवा रक्तक्षय असेल, तर मात्र एंडोस्कोपी लांबणीवर टाकू नये, आणि पर्यावरणाचा कोणताही जबाबदार सल्ला तसे सांगत नाही.