दात वाकडे येताहेत? सातव्या वर्षी एकदा दाखवा

विहारात आरोग्य तपासणीला बसलो की एक वाक्य हमखास कानावर येतं, "दुधाचेच दात आहेत ताई, पडतील आणि नीट येतील." पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण काही मुलांच्या बाबतीत या वाट पाहण्यातच उपचाराची वेळ निघून जाते.

6-7 वर्षांच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात येतात. म्हणून सातव्या वर्षी मूल दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. दाखवलं की लगेच तार बसते असं नाही. बऱ्याच मुलांना थांबायलाच सांगतात. कोणी थांबायचं आणि कोणी नाही, हे कळावं म्हणून ही भेट.

घरीही पाहता येतं. मुलाला उजेडात बसवा, दाढा मिटायला सांगा, ओठ बाजूला करा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत.

• वरचे दात आत बसतात किंवा खालचा जबडा पुढे येतो : थांबू नका. साधारण 7 ते 10 वयात हाड वाढतं असतं, त्याला वळण देता येतं.

• वरचे दात फार पुढे : मूल झपाट्याने उंच होतं तो काळ चांगला. मुलींना साधारण 10 ते 12, मुलांना 12 ते 14. असे दात खेळताना पडल्यावर लवकर तुटतात, हेही लक्षात ठेवा.

• नुसती दाटी : बहुधा कायमचे दात आल्यावर, 11 ते 14 मध्ये तार.

किडलेली दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात तिच्या जागेवर सरकतात. जागा राखण्यासाठी काही बसवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

तार मोठेपणीही लावता येते. पण वाढ थांबल्यावर जबड्याचा मोठा दोष असेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून "पोरीच्या लग्नाच्या वेळी बघू" म्हणू नका. दात लग्नासाठी नसतात. नीट चावायला, स्पष्ट बोलायला, मोकळं हसायला असतात.

खर्चाची धास्ती आम्हालाही ठाऊक आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खाजगीपेक्षा कमी खर्च येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत, अंगणवाडीत येतं, तेव्हा मुलाचे दात आवर्जून दाखवा आणि पुढे कुठे जायचं ते विचारून घ्या.

वाकडे दात नशिबाने आले, असं म्हणून गप्प बसणारे आपण नाही. जयभीम!