पैसे दिले म्हणजे मालकी आली का? लग्नाचा व्हिडिओ, सेहरा, नात आणि कॉपीराइटचा कायदा

लग्नाचा हंगाम संपला की मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एक छोटा वाद मागे उरतो. वलीमा होऊन जातो, मांडववाल्याचा, केटरिंगवाल्याचा हिशेब मिटतो, पण फोटोवाल्याचं काही मिटत नाही. अल्बम मिळतो, पेनड्राइव्ह मिळतो, आणि महिन्याभरानं कुणीतरी सांगतं, "अहो, तुमच्या मुलीचा हळदीचा व्हिडिओ त्या स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर आहे." अब्बा फोन करतात. उत्तर येतं, "चाचा, फोटो मी काढलेत, ते माझेच आहेत." इकडून अब्बा म्हणतात, "पैसे मी मोजलेत."

दोघांनाही आपण बरोबर आहोत असं मनापासून वाटत असतं. कायदा मात्र इथं एका बाजूला स्पष्ट झुकतो, आणि तो कुठं झुकतो हे ठाऊक नसल्यामुळं भांडण वाढतं.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात पुढं अनेक दुरुस्त्या झाल्या, शेवटची मोठी २०१२ साली. मूळ नियम असा, की ज्यानं निर्माण केलं तो पहिला मालक. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही, शिक्का लागत नाही. कविता कागदावर उतरली, चाल रेकॉर्ड झाली, चित्र काढून झालं, की हक्क आपोआप तयार होतो. पण याच कायद्याच्या कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत, आणि रोजच्या आयुष्यातले निम्मे वाद त्या अपवादांतच अडकलेले असतात.

फोटो, पेंटिंग, माणसाचं चित्र आणि व्हिडिओ फिल्म या गोष्टी कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केल्या असतील, तर पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे ज्यानं ऑर्डर दिली आणि पैसे ठरवले तो. फोटोग्राफर त्या फोटोचा कर्ता राहतो, पण कॉपीराइट घरच्यांचा. त्यामुळं वरच्या भांडणात अब्बांचं म्हणणं खरं. स्टुडिओला जाहिरातीसाठी तो व्हिडिओ वापरायचा असेल तर आधी विचारायला हवं. आपल्या घरांत हा नुसता पैशाचा प्रश्न नसतो. बायकांच्या खोलीतली मेंदी, हळद, घरच्या लेकी-सुना डोक्यावर पदर नसताना हसतायत, हे चार हजार अनोळखी लोकांनी पाहावं का, हा प्रश्न असतो. तो विचारायचा अधिकार कायद्यानं घरच्यांना दिलेला आहे.

मात्र एक मेख आहे. "वेगळा करार नसेल तर" असे शब्द त्या कलमात आहेत. काही स्टुडिओंच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, की फोटोंचे सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील. अॅडव्हान्स देताना त्या पावतीवर सही झाली की पारडं फिरतं. पावतीची मागची बाजू वाचायला दोन मिनिटं लागतात. आणि हो, लग्नात हौसेनं मोबाइलवर फोटो काढणाऱ्या मामूला कुणी पैसे दिलेले नसतात, म्हणून त्याच्या फोटोंचा मालक मामूच. नवरदेवानंही तो फोटो छापायला द्यायचा तर मामूला विचारूनच.

आता हाच नियम सगळ्याला लावाल तर फसाल. समजा, नवरदेवासाठी गावातल्या शायराकडून सेहरा लिहून घेतला, पाकिटात दोन हजार घालून दिले. तो सेहरा कुणाचा? शायराचा. कविता, गाणं, लेख, गोष्ट यांना फोटोचा अपवाद लागू नाही. पैसे दिले म्हणजे तो सेहरा त्या लग्नात वाचायची परवानगी मिळाली, मालकी नाही. नवरदेवाच्या भावानं तो पुढं आपल्या नावानं यूट्यूबवर टाकला, तर शायर हरकत घेऊ शकतो. दुकानाच्या पाटीसाठी डीटीपीवाल्याकडून बोधचिन्ह काढून घेता, तिथंही साधारण असंच. तो तुमचा पगारी नोकर नसेल आणि लेखी काही नसेल, तर त्या चित्राचा हक्क बहुधा त्याच्याकडंच राहतो. पुढं धंदा वाढला, दुसरी शाखा निघाली, की हे जुनं प्रकरण वर येतं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर तो लेखीच करावा लागतो, तोंडी चालत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

लग्नाचाच आणखी एक मुद्दा आहे, डीजेचा. मंगल कार्यालयात गाणी वाजवली म्हणून परवान्याचे पैसे मागायला कुणी आलं तर द्यायचे का? कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणी वाजवायला सूट आहे, आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ येतात असं स्पष्टीकरण तिथंच दिलेलं आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर परिपत्रक काढलं, तेव्हा संगीत कंपन्यांच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. सरकारी परिपत्रक गेलं, पण कायद्यातली सूट आपल्या जागी आहे. निकाह, वरात, वलीमा यांना ती लागते. लग्नाच्या नावाखाली तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला लागणार नाही, हे उघड आहे.

गाण्याचं प्रकरण मात्र सगळ्यात गुंतागुंतीचं. आपली तरुण मुलं नात म्हणतात, आवाज छान असतो, चाल मात्र एखाद्या सिनेमाच्या गाण्याची असते. मिलादच्या जलशात म्हटली तर अडचण नाही, धार्मिक समारंभाची तीच सूट तिथं आहे. पण तीच नात रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवली, की नोटीस येते, कमाई कंपनीकडं जाते, कधी व्हिडिओच उडतो. मुलगा म्हणतो, शब्द तर माझे आहेत. शब्द तुझेच आहेत बाळा, पण एका गाण्यात किमान तीन मालक्या असतात. शब्दांची एक, चालीची दुसरी, रेकॉर्डिंगची तिसरी. शिवाय गाणाऱ्याचा हक्क वेगळा.

हे समजून घ्यायला नारायणगावइतकं चांगलं ठिकाण नाही. तमाशाची पंढरी म्हणतात त्या गावाला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला पंच मंडळी इथं फडांच्या राहुट्यांवर येतात. त्या फडांत गायल्या जाणाऱ्या कितीतरी लावण्या पठ्ठे बापूरावांच्या. बापूराव १९४५ मध्ये वारले. कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षण देतो, म्हणजे २००५ च्या अखेरीस त्यांच्या हयातीत छापलेल्या रचना सगळ्यांच्या झाल्या. त्या कुणीही गाव्यात, छापाव्यात. पण बापूरावांची लावणी एखाद्या कंपनीनं १९९० मध्ये कॅसेटवर काढली असेल, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा मोजला जातो आणि तो २०५० संपेपर्यंत कंपनीचाच. लावणी सगळ्यांची, कॅसेट कंपनीची. शाहीर अमर शेख, मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, १९६९ मध्ये गेले. त्यांच्या कवनांवर २०२९ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना हक्क दिला असेल त्यांचा अधिकार आहे. शाळेच्या गॅदरिंगला पोरांनी म्हणायला हरकत नाही, अल्बम काढायचा तर परवानगी घ्यायला हवी.

कायदा नव्हता तेव्हा शाहिरांनी आपली सोय आपणच केली होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगाराचा धंदा करणारे, आणि लावणीत त्यांचं नाव मोठं. त्या काळचे शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो तसंच. गाणं कुठल्याही फडात गेलं तरी नाव सोबत जायचं. आजच्या कायद्यातल्या कलम ५७ चं काम तेव्हा ते कडवं करायचं. हे कलम म्हणतं, की हक्क विकून टाकला तरी कर्ता म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या रचनेची मोडतोड अडवण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो.

गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना मात्र फार उशिरा न्याय मिळाला. देव आनंद यांच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं १९७८ साली म्हटलं होतं, की नटाच्या अभिनयाला कॉपीराइट नाही. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. १९९४ ची दुरुस्ती १९९५ मध्ये लागू झाली आणि कलाकाराच्या सादरीकरणाला संरक्षण आलं. आज ते पन्नास वर्षांचं आहे. गायक, वादक, नर्तक तर त्यात आहेतच, कसरतपटू, जादूगार, गारुडीही आहेत. म्हणजे यात्रेतल्या तमाशाचा अख्खा वग मोबाइलवर धरून चॅनेलवर टाकणारा माणूस फुकटची जाहिरात करत नसतो, तो कलाकाराचा हक्क डावलत असतो. आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवायला कुणी अडवत नाही. चॅनेलवर टाकून त्यातून पैसे कमावणं ही गोष्ट निराळी, आणि आपल्या भागात ती सर्रास चालते.

याच यादीत व्याख्यान देणाराही आहे, आणि कायद्यानं व्याख्यानाच्या व्याख्येत प्रवचनही धरलेलं आहे. मशिदीच्या कमिटीनं मौलानांना जलशाला बोलावलं, माइक कमिटीचा, मंडप कमिटीचा, प्रवासखर्च कमिटीचा. तरी जाहीर बयानाचा पहिला मालक मौलानाच. त्यांना न विचारता त्याची पुस्तिका छापून विकणं किंवा तुकडे कापून भलत्याच मथळ्याखाली फिरवणं, दोन्ही हरकतीचं. जलशाची बातमी देताना चार वाक्यं उद्धृत करायला मात्र मोकळीक आहे.

बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल तर? या प्रश्नावरचं देशातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मौलाना अबुल कलाम आझादांच्या पुस्तकाचं आहे. 'इंडिया विन्स फ्रीडम' १९५९ मध्ये निघालं. मौलाना उर्दूत सांगायचे, हुमायून कबीर इंग्रजीत मसुदा करायचे, मौलाना तो तपासायचे. तीस पानं मात्र तेव्हा छापली नाहीत. ती मोहोरबंद करून कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार इथं ठेवली, मौलानांच्या मृत्यूला तीस वर्षं झाल्यावर उघडायची म्हणून. १९८८ मध्ये ती वेळ आली तेव्हा मौलानांच्या वारस या नात्यानं नजमा हेपतुल्ला न्यायालयात गेल्या. पुस्तक मौलानांचं, कबीर नुसते लिहून घेणारे, असा त्यांचा दावा. दिल्ली उच्च न्यायालयानं तो मानला नाही. आठवणी आणि विचार मौलानांचे, पण भाषा आणि मांडणी कबीरांची, म्हणून दोघं सहलेखक, असं न्यायालयानं म्हटलं. त्याच वर्षी संपूर्ण पुस्तक बाहेर आलं. मला स्वतःला हा निकाल पटतो, कारण कल्पना कुणाची एवढ्यावर हक्क ठरत नाही. ती ज्या शब्दांत उतरते त्या शब्दांवर हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयानंही १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हेच तत्त्व सांगितलं होतं.

म्हणून दादाजानच्या आठवणी नातीनं लिहून काढल्या असतील, तर नातीचं नावही त्या पुस्तकावर यायला हवं. आणि दादाजानची हाताने लिहिलेली बयाज पेटीत पडून असेल, नाती, सेहरे, किस्से, तर ती रद्दी समजू नका. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या साहित्याला पहिल्यांदा छापल्यापासून साठ वर्षं संरक्षण मिळतं. तो हक्क जमीन-घरासारखाच वारसांत वाटला जातो, बहिणींचाही त्यात हिस्सा असतो. बयाज ज्या मुलाच्या पेटीत आहे तो एकटा मालक होत नाही. हे फक्त सरकारी कायद्याचं म्हणणं आहे असंही नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखकाचे हक्क शरीअतनं संरक्षित आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणं जायज नाही, असा ठराव केलेला आहे.

प्रत्यक्ष वाद झालाच तर काय करायचं? व्हिडिओ इंटरनेटवर असेल तर आधी त्या कंपनीकडं लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणं त्यांनी ३६ तासांत तो बंद करायचा असतो, मग २१ दिवसांत तुम्हाला न्यायालयाचा आदेश दाखवावा लागतो. दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि इथं कायद्यानं एक चांगली सोय ठेवली आहे. समोरचा मुंबईत असो वा दिल्लीत, तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्ह्यात दावा लावता येतो. जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण नात्यागोत्यातली प्रकरणं तिथवर नेण्याआधी जमातीतल्या चार जाणत्यांना बसवलेलं बरं. नोंदणी सक्तीची नाही, तरी पुरावा म्हणून कामाला येते. कवितेसाठी किंवा पुस्तकासाठी फी पाचशे रुपये, अर्ज ऑनलाइन.

मराठेशाहीत दफ्तरासाठी जुन्नरी कागदाला मोठा मान होता, आणि तो बनवणारे जुन्नरचे कागदी आपल्याच बिरादरीचे. त्या गावात आज व्यवहार तोंडी होतात, हे जरा विचित्रच. लग्नाच्या फोटोची ऑर्डर देताना पावतीवर एवढं लिहून घ्या: "सर्व फोटो व व्हिडिओंचा कॉपीराइट ग्राहकाकडे राहील. लेखी परवानगीशिवाय स्टुडिओ ते कुठेही प्रसिद्ध करणार नाही. मूळ फायली अमुक तारखेपर्यंत ग्राहकाला दिल्या जातील." शायराकडून सेहरा घेताना त्याचं नाव कार्डावर छापा आणि तो रेकॉर्ड करायचा आहे का ते आधीच बोला. फडाची सुपारी ठरवणाऱ्या पंचांनी करारात चित्रीकरणाची एक ओळ घालावी, आणि चित्रीकरण करायचंच असेल तर त्याचे पैसे वेगळे धरावेत.